मासे-मटण कापण्याचं काम : ठाणे आणि नवी मुंबईत या धंद्यात येऊ पाहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या दिवाळे कोळीवाड्यातली पोरं-पोरी, त्यांचे आईवडील आणि हल्ली थेट ओट्यापाशी येऊन उभी राहणारी अनोळखी मुलं हे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारतात. मी नेरूळला मासे विकते. माझा भाचा घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या दुकानात चिकन-मटणाच्या काउंटरवर आहे, त्यामुळे तिकडचंही सांगता येतं. हे काम मला मनापासून आवडतं आणि ज्याला करायचं त्याने ते नीट शिकून करावं असं वाटतं. आपल्या हातून गेलेला तुकडा संध्याकाळी कुणाच्या तरी लेकराच्या ताटात पडणार असतो.

हे काम नक्की कुठे कुठे मिळतं?

सगळ्यात जुनी जागा म्हणजे बाजार. ठाण्यात स्टेशनच्या आसपास, चेंदणी, कोपरी, कळवा. इकडे दिवाळे, सारसोळे, वाशी, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली. बाजारात विकणारी एक आणि साफ करून देणारा दुसरा, अशी जोडी पुष्कळदा असते. नवा माणूस साफ करून देणाऱ्याच्या हाताखाली लागतो.

दुसरी जागा मोठ्या दुकानांतले काउंटर. तिथे काच, बर्फाची मांडणी, टोपी, हातमोजे आणि महिन्याचा पगार. तिसरी जागा मोबाइलवरून मागणी घेणाऱ्यांची गोदामं. तिथे गिऱ्हाईक दिसत नाही. थंड खोलीत उभं राहून ठरलेल्या वजनाची पाकिटं भरायची आणि घड्याळाकडे बघत हात चालवायचा. वेग तिथे चांगला येतो, पण माशाची पारख तिथे शिकता येत नाही, कारण माल निवडूनच आलेला असतो. चौथी जागा तळोजा एमआयडीसीतले मासळी प्रक्रियेचे कारखाने. तिथला माल परदेशी जातो, त्यामुळे स्वच्छतेची शिस्त कडक. ज्याला शिस्त अंगी बाणवायची आहे त्याने सुरुवातीचा काही काळ तिथे काढायला हरकत नाही.

एक गैरसमज आधीच काढून टाकते. बरीच मुलं वाशीच्या एपीएमसीत मासळीचं काम शोधायला जातात. तिथे भाजी, फळं, कांदा-बटाटा, मसाला आणि धान्य आहे, मासळी नाही. आपल्याकडचा घाऊक माल भाऊच्या धक्क्यावरून, ससून डॉकवरून आणि उरणच्या करंजा बंदरावरून येतो. थोडाफार खाडीतला.

मी कोळी नाही, खाटीकही नाही. मला कोण शिकवणार?

शिकायची तयारी असेल तर शिकवतात. माझ्या ओळखीत या कामात मुरलेली बीडची, जळगावची, उत्तर प्रदेशची आणि बंगालची माणसं आहेत. आमच्या बायका सुरुवातीला थोडं दटावतात, बर्फ उचलायला लावतात, पाटी धुवायला लावतात. तो अपमान समजू नका. बर्फ आणि पाणी कसं सांभाळायचं हे ज्याला कळलं नाही त्याच्या हातात सुरी देऊन उपयोग नसतो.

आधी सुरी शिकायची की मासा?

मासा. या उत्तरावर मी वाद घालायला तयार आहे.

कापायला शिकणं सोपं असतं. समोरचा मासा कालचा आहे, परवाचा आहे की पहाटेच्या लिलावातला, हे हाताला कळायला वेळ लागतो. डोळे फुगीर आणि चकचकीत हवेत. खोल गेलेले, दुधाळ झालेले नकोत. कल्ले लाल हवेत, पण नुसत्या लाल रंगावर विसंबू नका, कल्ला उचलून वास घ्या. ताज्या माशाला समुद्राचा वास असतो, घाण वास नसतो. अंगठ्याने पोटाच्या वर दाबा. खड्डा लगेच भरून आला पाहिजे.

प्रत्येक माशाची शिवाय स्वतःची खूण असते. पापलेटच्या कल्ल्यापाशी दाबलं की पांढरं पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर सोडून द्या. बांगडा डोक्याशी धरून आडवा उचला, ताजा असेल तर शेपूट खाली लोंबत नाही. कोळंबीचं डोकं धडाला घट्ट हवं, आणि डोक्याचा सांधा काळा पडला असेल तर ती आजची नाही. बोंबील मऊच असतो, म्हणून नवशिके तिथे फसतात. त्याची कांती बघा, गुलाबी झाक आणि चमक असली पाहिजे. तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, त्या टोपलीवर टकटक केल्यावर मिटायला हव्यात, ज्या उघड्याच राहिल्या त्या फेकायच्या. चिंबोरी हातात घेऊन जोखायची, आकाराच्या मानाने जड लागली की भरलेली. आमच्याकडे अमावास्येच्या चिंबोऱ्या भरलेल्या आणि पौर्णिमेच्या पोकळ असं म्हणतात आणि जुनी गिऱ्हाइकं पंचांग बघूनच येतात.

मोरीचं, म्हणजे लहान शार्कचं, वेगळं. तिच्या अंगात युरिया असतो, मासा जुना होत गेला की त्याचा अमोनिया होतो आणि नाकात झणका जातो. झणका येत असेल तर लिंबू-हळद लावून काही होणार नाही.

बर्फाचं गणितही याच काळात शिकून घ्या. आपल्या हवेत माशाच्या वजनाइतका बर्फ लागतो. खाली बर्फ, वर मासा, पुन्हा बर्फ, आणि पेटीच्या तळाला भोक. मासा वितळलेल्या पाण्यात पोहत राहिला तर बर्फ असूनही खराब होतो. शून्य ते चार अंशांच्या आत तो टिकतो, आणि एकदा बाहेर राहिलेला वेळ परत बर्फात घालून भरून निघत नाही.

कापायला किती दिवसांत येतं?

बांगडा आणि मांदेली साफ करणं आठवड्याभरात येतं. पापलेटला महिना धरा. सुरमई, रावस, घोळ असे मोठे मासे बिनचूक तुकड्यांत कापणं सहा महिन्यांच्या आत फार थोड्यांना जमतं.

सुरमईचं सांगते, कारण महाग मासा आणि गिऱ्हाईक समोर उभं. सुरमई बर्फातून काढल्या काढल्या कापायची. ढिली पडलेली कापली तर तुकडी चेंबते. कल्ल्यामागून सुरीचं टोक घालून डोकं तिरकं काढायचं म्हणजे मानेचं मांस डोक्याबरोबर जात नाही. पोट उथळ चिरायचं. सुरी खोल गेली तर पित्त फुटतं आणि आजूबाजूचं मांस कडू होतं. घाण काढल्यावर आत कण्याला चिकटलेली काळपट रक्ताची रेघ दिसेल. ती नखाने किंवा चमच्याने पूर्ण खरवडून काढा, धारेखाली धुवा. बरेच जण ती तशीच ठेवतात आणि मग कालवण उग्र झालं की दोष मसाल्याला जातो. आता बोटभर जाडीच्या तुकड्या. सुरी मांसातून सहज उतरते आणि कण्याशी अडते. तिथे पुढेमागे घासत बसायचं नाही, सुरीच्या पाठीवर लाकडी ठोकणीचा एकच टोला. दोन टोले लागले की हाडाचा चुरा तुकडीत राहतो. तुकडीचा गोल आकार टिकला पाहिजे, मधलं हाड अखंड दिसलं पाहिजे. डोकं उभं दोन भागांत करून कालवणासाठी वेगळं बांधून द्यायचं आणि गाबोळी (माशाची अंडी) निघाली तर न सांगता ठेवून घ्यायची नाही, ती गिऱ्हाइकाची.

बोंबील याच्या अगदी उलट, तिथे जोर नको. डोकं आणि पर काढायचे, शेपटीचं टोक छाटायचं, पोटाकडून उघडायचा पण पाठीची कातडी जोडलेली राहू द्यायची. मधला काटा दोन बोटांनी अलगद ओढला की निघतो. त्याच्या अंगात पाणीच पाणी असतं, म्हणून घरी गेल्यावर फळी आणि वजनाखाली अर्धा तास दाबून ठेवायला सांगायचं, नाहीतर रवा लावून तळताना तो तव्यावर फुटतो. हे सांगणंही आपल्याच कामात येतं.

गिऱ्हाईक "नीट काप" म्हणतं म्हणजे नेमकं काय हवं असतं?

ते घराघरावर आहे. नवी मुंबईत एका दुपारीत पाच प्रांतांची माणसं ओट्यावर येतात आणि प्रत्येकाचं "नीट" वेगळं.

आगरी-कोळी घरात पापलेट अख्खं भरायला नेतात, त्याला पाठीतून खिसा करून द्यायचा. सारस्वत घरातली काकी बांगड्याचं डोकं काढू देणार नाही. बंगाली दादा रोहू घेतात तेव्हा पाठीचा भाग आणि पोटाचा भाग वेगळा कापून हवा असतो, पोटाला ते पेटी म्हणतात आणि पाठीला गादा. डोकं त्यांना हवंच असतं. केरळच्या चेची (ताई) तारली घेतात, ती खरडून अगदी पांढरी करून द्यावी लागते. तरुण नवरा-बायको नुसतं बोनलेस मागतात आणि काट्याला घाबरतात, त्यांना घाईत कापून द्यायचं नाही, शेवटी बोट फिरवून काटा राहिला का बघायचं.

वजनाचा वाद टाळायचा असेल तर आधीच सांगा : मासा अख्खा तोलला जातो, साफ केल्यावर कमी भरतो. सुरमईत साधारण तिसरा-चौथा हिस्सा जातो, डोक्यासकट घेतलेली कोळंबी सोलली की जवळपास निम्मी उरते. वजनकाट्यावर वैधमापन खात्याचा चालू वर्षाचा शिक्का असू द्या आणि काट्याचा आकडा गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवा.

चिकन-मटणाच्या काउंटरवर जायचं असेल तर?

तिथे सुरीबरोबर सत्तूर येतो आणि ओंडका. ओंडका चिंचेच्या लाकडाचा उत्तम, कारण त्याच्या ढलप्या निघत नाहीत. दिवस संपला की तो खरवडून, गरम पाण्याने धुवून वर जाडं मीठ पसरून ठेवायचा.

भाचा म्हणतो की मटणात सगळं काम सांध्याचं असतं. बोकड उघडल्यावर सांधे कुठे आहेत ते बोटांनी शोधायचं आणि तिथूनच सुरी घालायची. मांडी, खांदा, बरगड्या, मान सगळं सत्तूर न उचलता सुटं होतं. सत्तूर फक्त नळ्या आणि चापांसाठी. एक घाव, पूर्ण ताकदीने, एकाच जागी. घाबरत तीनदा मारलं की हाडाची किरच उडते, ती रश्शात जाते आणि कुणाच्या तरी घशात रुतते. लहान मुलांच्या घरी जाणाऱ्या मटणाला तो शेवटी पाण्याखाली धरून हात फिरवतो.

मुंबई-ठाण्याकडचा बराचसा बोकड देवनारच्या कत्तलखान्यातून येतो, तो १९७१ पासून चालू आहे. तपासणीचा शिक्का कुठे असतो आणि तो नसेल तर माल परत कसा पाठवायचा, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. टांगलेल्या मटणावर ओलं फडकं झाकायची जुनी सवय अजून दिसते. अन्नसुरक्षेच्या नियमांत त्याला मनाई आहे आणि कारणही सरळ आहे, ओल्या फडक्यात जंतू वाढतात.

चिकनची सुरी, पाट आणि फडकं कायम वेगळं. चिकन कापलेल्या पाटावर मासा घ्यायचा नाही, मटण घ्यायचं नाही. यात सूट नाही, गर्दी कितीही असो.

हात कापला तर? काटा लागला तर?

कापणार. सगळ्यांचा कापतो. पण किती खोल कापायचा ते बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं. बोथट सुरी सगळ्यात धोक्याची, कारण तिला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती घसरते. सकाळी दगडावर धार आणि दिवसभरात अधूनमधून सळईवर हात. ज्या हाताने मासा धरता त्या हातात तारेच्या जाळीचा मोजा घाला. मोठ्या दुकानात तो मिळतो, बाजारात स्वतः घ्यावा लागला तरी घ्या.

कापलं की काम थांबवा, स्वच्छ पाण्याखाली धरा, साबणाने धुवा, पट्टी आणि वर मोजा. रक्त लागलेला माल बाजूला टाका. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या.

काट्याचं जास्त गंभीर आहे आणि लोक ते हसण्यावारी नेतात. शिंगाळा नावाच्या माशाच्या काट्यात विष असतं. टोचला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, त्या विषाचा जोर उष्णतेने उतरतो, आणि मग दवाखाना गाठा. कोणताही काटा टोचल्यावर दोन-तीन दिवसांनी बोट जांभळट लाल होऊन सुजलं, ठणकायला लागलं, तर डॉक्टरांना आधी सांगा की मी मासे कापतो. मासळी हाताळणाऱ्यांना होणारे काही संसर्ग वेगळे असतात आणि तुम्ही न सांगितल्यास ते साध्या जखमेचं औषध देतात. मधुमेह असेल तर एक दिवससुद्धा थांबू नका.

कोळंबी सोलणाऱ्यांची बोटं सालटतात, लाल होतात. आत सुती आणि वर रबरी असे दोन मोजे वापरा, रात्री खोबरेल लावा. पाय दिवसभर ओल्यात असतात, म्हणून गमबूट चांगल्या पकडीचेच. स्वस्त घेतलेत तर निसरड्या फरशीवर पडाल आणि हातात सुरी असेल.

अंगाचा वास जातो का?

जातो. आधी थंड पाणी, मग लिंबू किंवा कोकमाचं पाणी चोळायचं, मग साबण. माशाचा वास आंबटाने मरतो. गरम पाणी आधी घेतलंत तर वास हाताला धरून बसतो. कपडे वेगळे भिजवा.

पगार किती मिळेल?

आकडा दुकानागणिक बदलतो, म्हणून मी मुलांना आकड्याआधी चार गोष्टी विचारायला सांगते. पगार खात्यात जमा होतो का? पावती मिळते का? आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी? रविवारी जादा थांबवलं तर त्याचा दर काय?

दहा किंवा अधिक माणसं असलेल्या दुकानात महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला कामगार विमा लागू होतो. तुमच्या पगारातून फक्त पाऊण टक्का जातो आणि उपचार अख्ख्या घराला. वागळे इस्टेट आणि वाशी इथे कामगार विम्याची रुग्णालयं आहेत. सुरीचं काम करणाऱ्याने हा विमा सोडून दोन हजार जास्त देणाऱ्याकडे पळू नये. हात जायबंदी झाला की त्या दोन हजारांचं काही चालत नाही.

बाजारात मात्र रोजावर किंवा किलोमागे कटिंगचे पैसे असतात. रविवारी आणि बुधवारी हात भरतो, सोमवार, गुरुवार, शनिवार थंड. महिन्याचा अंदाज बांधताना वार मोजा.

मालक कालचा माल आजच्यात मिसळायला सांगतो. काय करू?

नाही म्हणा. सुरुवातीला धीर होत नाही हे मला समजतं, नोकरी नवी असते, घरी पैसे पाठवायचे असतात. तरीही नाही म्हणा.

बर्फात नीट ठेवलेला कालचा हलवा किंवा रावस विकण्यात पाप नाही. तो कालचा आहे म्हणून सांगा, भाव उतरवा, गिऱ्हाईक आनंदाने नेतं. पण बांगडा, कुपा (ट्यूना), तारली अशा माशांना उष्णता लागली की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं, उलट्या होतात. आणि कितीही शिजवलं, कितीही तळलं तरी ते जात नाही. दिसायला मासा ठीक असतो, म्हणून बाई विश्वासाने घेऊन जाते. तो मासा कुठे किती वेळ बर्फाबाहेर होता हे फक्त आपल्याला ठाऊक असतं. मग जबाबदारी दुसऱ्या कुणाची कशी होईल?

फॉर्मालिन या रसायनाचंही तेच. माशाला ते लावायला परवानगी नाही, थोडंही नाही. माशी बसत नाही, डोळ्याला चरचरतं, बर्फ नसूनही मासा ताठ आहे, असा माल आला तर हात लावू नका. २०१८ मध्ये हा प्रकार देशभर गाजला तेव्हा कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने तयार केलेली कागदी पट्टीची चाचणी बाजारात आली, मिनिटांत रंग बदलून कळतं. एकदा बोलून, दोनदा बोलून मालक ऐकत नसेल तर दुसरं दुकान बघा. चांगला हात असलेल्या माणसाला या पट्ट्यात काम मिळतं.

जून-जुलैत काम असतं का? आणि श्रावणात?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिकी बोटींना समुद्रात मासेमारीची बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. तेव्हा ओट्यावर गोठवलेला माल, आंध्रातून येणारा रोहू-कटला, तळ्यातला जिताडा, खाडीतली निवटी, बोय आणि चिंबोऱ्या असतात. सुक्या मासळीची चलती असते : सुके बोंबील, सोडे, जवळा. गोठवलेला मासा कापण्याचं तंत्र वेगळं आहे. रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्यायचा, नळाखाली धरून, नळ सोडून नाही.

आषाढ अमावास्येच्या आधीचा रविवार हा चिकन-मटणवाल्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. मग श्रावण लागतो आणि मराठी गिऱ्हाईक महिनाभर गायब. इतर समाजांची गिऱ्हाइकं चालू असतात, म्हणून दुकानं बंद होत नाहीत, फक्त जादा माणसं कमी करतात. नारळी पौर्णिमेनंतर बोटी पूर्ण जोमात असतात, गणपती झाले की बाजार उसळतो. लग्नसराईत आगरी-कोळी गावांतल्या हळदीच्या ऑर्डरी येतात, तेव्हा पहाटे तीनला सत्तूर सुरू होतो.

बाईमाणसाला जमतं का?

आमच्या बाजारात हा प्रश्नच कुणाला पडत नाही. लिलावात बोली लावणाऱ्या, लगेजच्या डब्यातून पाट्या आणणाऱ्या, कापणाऱ्या, विकणाऱ्या बायकाच आहेत. मोठ्या दुकानांत मात्र काउंटरवर अजून बहुतेक पुरुष घेतात. मुलींनी तिथे अर्ज करावा, हात दाखवावा आणि मुलाखतीत एक पापलेट साफ करायला मागावं. कपडे बदलायला जागा, स्वच्छतागृह आणि रात्री सुटण्याची वेळ हे आधी बघून घ्या.

लग्न जमताना अडचण येते म्हणतात, खरं का?

काही घरांत येते. भाच्याच्या वेळी एका ठिकाणी "तो कापतो काय?" एवढं विचारून पाहुणे परत गेले होते. पुढच्या घरच्यांनी दुकानात येऊन त्याचं काम बघितलं, टापटीप बघितली आणि होकार दिला. ज्या कामावर घरातली तीन शिक्षणं झाली, त्याबद्दल खाली मान घालून बोलायची मला गरज वाटत नाही. तुम्हीही "दुकानात आहे" असं गुळमुळीत सांगू नका. मी मासे कापते, मी मटण कापतो, असं सांगा.

कागदपत्रं काय लागतात?

नोकरी करणाऱ्याला ओळखपत्र, बँक खातं आणि वैद्यकीय तपासणीचा दाखला. अन्न हाताळणाऱ्याची तपासणी वर्षातून एकदा व्हायला हवी, टायफॉइडची लस घेतलेली असावी. ताप, जुलाब, हातावर पिकलेली जखम असेल त्या दिवशी काउंटरवर उभं राहायचं नाही. धंदा स्वतःचा असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो. त्याचा १४ अंकी क्रमांक दिसेल असा लावायचा. त्याशिवाय महापालिकेचा परवाना वेगळा.

छोटी पापलेटं स्वस्त मिळतात. घ्यावीत का?

घेऊ नयेत. पापलेट २०२३ मध्ये आपला राज्य मासा झाला. त्याच वर्षी सरकारने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटची १३५ मिलिमीटर आहे. तळहाताएवढंही नसलेलं पिल्लू विकलं की ते कधी अंडी घालत नाही, आणि माझ्या लहानपणी टोपलीभर येणारं पापलेट आता नगावर का विकावं लागतं त्याचं उत्तर तिथेच आहे. गिऱ्हाईक मागत असेल तर त्याला हे शांतपणे सांगा आणि बांगडा दाखवा.

स्वतःचा ओटा कधी टाकावा?

पारख, कापणं आणि उधारी, तिन्ही सांभाळता आलं की. पहाटेच्या लिलावाला किमान एक पूर्ण हंगाम जाणत्या बाईबरोबर जा. भाव हाताच्या खुणांवर आणि क्षणात ठरतो, तो बाहेरून बघून समजत नाही. पैशांसाठी २०२० साली सुरू झालेली प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना माहीत असू द्या : मासळी विक्रीचं केंद्र, बर्फाच्या पेटीची दुचाकी किंवा तीनचाकी अशा गोष्टींना सर्वसाधारण गटात ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाची तिच्यात तरतूद आहे. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन सध्या कोणते अर्ज घेतात ते विचारा, दलालाला पैसे देऊ नका.

कचऱ्याची सोय आधी करा. खवले, आतडी, कोंबडीची पिसं नाल्यात गेली की शेवटी ठाण्याच्या खाडीत जातात, आणि त्याच खाडीतली बोय आपण विकतो.

काम शिकायला कधी आणि कसं जावं?

बंदीच्या काळात, जूनच्या मध्याला. ओट्यावर गर्दी कमी असते आणि शिकवणाऱ्याला वेळ असतो. सकाळी जाऊ नका, तेव्हा माल लावायची घाई असते. दुपारी तीननंतर जा, जुने कपडे घालून, नखं कापून, अंगठी आणि घड्याळ घरी ठेवून. पहिल्या दिवशी पाटी धुवायला सांगतील. बहुतेकांना दुसऱ्या आठवड्यात मांदेली हातात मिळते.